नोकरी आहे, पगार आहे, तरीही आईवडिलांच्याच घरी: यात कमीपणा नेमका कोणता?

रामबागवासी | शनिवार, रात्री ९.४०

नमस्कार. मी इंदूरचा, वय ३४. सुपर कॉरिडॉरवरील एका सॉफ्टवेअर कंपनीत काम करतो आणि रामबागेतल्या आमच्या जुन्या घरात आईवडिलांबरोबर राहतो. त्याआधी चार वर्षे पुण्यात होतो. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली तेव्हा घरी परतलो, पुढे इथेच चांगली नोकरी मिळाली आणि परत जाण्याचे कारण उरले नाही. मला इथे राहणे आवडते आणि आईवडिलांनाही मी इथे असणे आवडते, असे मी आजवर धरून चाललो आहे.

गेल्या महिन्यात नात्यातल्या एका मुंजीत पंगत बसली होती. वरणावर तूप वाढणे चालू होते, तेवढ्यात समोरच्या रांगेतून एका काकांनी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारले, “काय रे, अजून आईच्याच हातचं का?” मी हसून वेळ मारून नेली. माझे वडील दोन पाने सोडून बसले होते. त्यांनी कालवत असलेला भात तसाच ठेवला आणि मग ताक येईपर्यंत पानाला हात लावला नाही.

त्याच आठवड्यात एका स्थळाकडून फोन आला. मुलाचे स्वतःचे काही आहे का, की तो आईवडिलांकडेच असतो, असे मुलीच्या आईने विचारले. “आमच्याकडेच असतो,” हे उत्तर आईने एखादी चूक कबूल करावी तशा खालच्या आवाजात दिले. मी शेजारच्या खोलीत होतो.

आजोबांच्या वेळी चार भाऊ एका वाड्यात नांदले आणि वेगळी चूल मांडणाऱ्यालाच लोक “काय बिनसलं?” असे विचारत. दोन पिढ्यांत हा प्रश्न असा उलटा कसा फिरला? जे माझ्यासारखे राहतात त्यांनी पैसे, कामे आणि मोकळीक यांबाबत घरात काय ठरवले आहे, हे मला मनापासून जाणून घ्यायचे आहे.

सुदामानगरकर | शनिवार, रात्री १०.२५

हा प्रश्न आमच्या डोळ्यांदेखत फिरला, म्हणून सांगतो. इंदूरच्या कापडगिरण्या एकामागून एक बंद पडल्या, सरकारी नोकरभरती आटली आणि शिकलेली मुले पुणे, बंगळुरू, अमेरिका अशी निघाली. जाणे ही गरज होती, पण पाहता पाहता ती प्रतिष्ठा झाली. आमच्या गल्लीत ज्या घरी खाली दोन म्हातारी माणसे आणि वरचा मजला कुलूपबंद असे, त्या घराला मान मिळू लागला, कारण त्या कुलपाचा अर्थ मुलगा मोठ्या पगारावर आहे असा होता. मग जो राहिला त्याला जाता आले नाही, असे लोकांनी आपोआप धरले.

माझा धाकटा भाऊ राहिला. वडील मिलमध्ये होते. मिल बंद झाली तेव्हा आम्ही दोघेही शिकत होतो. मी भोपाळला नोकरी धरली, त्याने घरी मुलांच्या शिकवण्या घेतल्या. हुकुमचंद मिलच्या कामगारांसाठी २०२३ च्या डिसेंबरात २२४ कोटी रुपये मोकळे झाले आणि सुमारे ४,८०० कुटुंबांना त्यांचे जुने देणे मिळायची वाट झाली. त्या दिवशी आम्ही दोघे भाऊ फोनवर बराच वेळ काही न बोलता बसलो होतो. आमचे वडील दुसऱ्या मिलमध्ये होते आणि तोवर ते राहिलेही नव्हते.

शेवटची दोन वर्षे वडिलांना आंघोळ घालणे, त्यांची दाढी करणे, रात्री दोनदा उठून कूस बदलून देणे, हे सगळे भावाने केले. तरी लग्नाकार्यात माझी ओळख “हे भोपाळला अधिकारी आहेत” अशी होई आणि त्याची “हा इथेच असतो” अशी. मी स्वतःही त्याची ओळख अशीच करून दिली आहे. याचे मला आज फार वाईट वाटते.

गुलबक्षी | शनिवार, रात्री ११.१०

“हा इथेच असतो” हे वाचून लिहावेसे वाटले. मी ४१ वर्षांची, बँकेत नोकरी करते, लग्न केलेले नाही आणि राजेंद्र नगरात आईवडिलांबरोबर राहते.

मुलाला निदान तोंडावर विचारतात, मुलीबद्दलचा प्रश्न तिच्या आईला विचारला जातो. आमच्याकडे सकाळी कचरागाडी गाणे वाजवत येते आणि ओला-सुका डबा घेऊन सगळ्या बायका फाटकाशी येतात. शहराला स्वच्छतेचा पहिला क्रमांक २०१७ पासून ज्या डब्यांनी मिळवून दिला, त्याच डब्यांपाशी उभे राहून आईला वर्षानुवर्षे ऐकावे लागले, “अजून काही बघताय की सोडलंत?” मी ऑफिसला निघाल्यावरच हा विषय निघायचा. एके दिवशी मला सुट्टी होती आणि मी डबा घेऊन गेले, तेव्हा सगळ्या जणी हवापाण्यावर बोलल्या.

कायद्याने २००५ पासून वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीचा मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क आहे. भाषेत मात्र मुलाचे ते घर आणि मुलीचे ते माहेर, म्हणजे जिथून जायचे असते ती जागा. २०२१ मध्ये घराला रंग काढला तेव्हा बाबांनी नवी पाटी करायला टाकली आणि तीन नावे लिहून दिली. पाटी करणाऱ्याने फोन करून विचारले की तिसऱ्या नावाच्या मागे सौ. लावू की कुमारी. बाबा म्हणाले, “नुसतं नाव घाला, ती इथं राहते.” सुदामानगरकर, तुमच्या भावाला लावलेले तेच शब्द आहेत, पण बाबांच्या तोंडून मी ते किती वेगळे ऐकले, हे मला आज कळले.

पुन्हापूर्वपद | रविवार, सकाळी ७.०५

मी घटस्फोटानंतर सहा वर्षांच्या मुलीला घेऊन परतले त्याला आता तीन वर्षे होतील. अजूनही घरी येणारे प्रत्येक जण पाण्याचा पेला हातात घेता घेता विचारतात, “किती दिवस आहेस?” लेकीला हा प्रश्न मायेने विचारायची आपल्याकडे पद्धतच आहे, म्हणून कोणावर रागावताही येत नाही. मध्यंतरी माझ्या मुलीने मला रात्री झोपताना विचारले, “आई, आपण किती दिवस आहोत?” त्या दिवसापासून माझा भाऊ पाहुण्यांना दारातच सांगतो की ही दोघी इथल्याच आहेत.

तुळशीवृंदावन | रविवार, सकाळी ९.३०

मी तुम्हा सगळ्यांच्या आईच्या वयाची आहे, ६३. आतापर्यंतचे प्रतिसाद वाचून डोळे भरून आले, तरी एक गोष्ट कोणीच विचारली नाही म्हणून लिहिते. या सगळ्यात आईचे काय?

माझा मुलगा ३२ वर्षांचा आहे, आमच्याबरोबर राहतो, गुणी आहे. दर महिन्याच्या एक तारखेला न मागता पंधरा हजार रुपये माझ्या खात्यात टाकतो. पण नर्मदेचे नळ आमच्याकडे एक दिवसाआड पहाटे येतात तेव्हा मी उठते. साडेसातला त्याच्या डब्याची भाजी झालेली असते. रात्री तो अकराला आला तर कोशिंबीर ताजी हवी म्हणून काकडी चोचवून दाण्याचे कूट घालायचे मी तेव्हाच करते, आणि ते मला कोणी करायला सांगितलेले नाही, माझ्याने राहवत नाही म्हणून करते. त्याची लहानपणीची सवय मोडली नाही तशी माझीही मोडली नाही. आमच्या वयाच्या मैत्रिणी चार दिवस ओंकारेश्वरला जातात तेव्हा मी दोन दिवसांत परतते.

तो पैसे देतो, पण घरात पाहुण्यासारखा राहतो. तुम्हाला काका पंगतीत जे बोलले ते वाईटच होते. तरी मी तुम्हाला सरळ विचारते, कारण तुम्ही मोकळ्या मनाने लिहिले आहे. तुमच्या घरी पहाटे पाणी आले की कोण उठते?

जूनाजकात | रविवार, सकाळी ९.४८

आमच्याकडे बाबा उठतात. वय ७१. आजपर्यंत हा विचारच केला नव्हता.

माळवामाती | रविवार, सकाळी ११.१५

तुळशीवृंदावन काकूंनी अगदी योग्य ठिकाणी बोट ठेवले आहे, आणि त्यातच “स्वतःचे काही आहे का” या प्रश्नाचेही उत्तर आहे. मी ग्वाल्हेरची, लग्न होऊन इंदूरला आले. माझ्या आईनेही हाच प्रश्न विचारला होता आणि सासरी तो अजून बोलला जातो. लोकांना वाटले की आम्हाला फ्लॅट हवा होता. आईला जाणून घ्यायचे होते ते इतकेच, की हा मुलगा स्वतःच्या ताटाची, कपड्यांची, आजारपणाची काळजी घेऊ शकतो का, की हे सगळे काम आईकडून काढून माझ्या मुलीकडे दिले जाणार आहे. ते असे उघड विचारता येत नाही, म्हणून घराचे निमित्त होते.

लग्नानंतर पहिली तीन वर्षे सकाळी सव्वासहाला ओट्यापाशी दोन बायका आणि वर्तमानपत्रापाशी दोन पुरुष, असे आमचे घर होते. सासूबाई वाईट नव्हत्या, त्यांनाही तिथून सुटका हवी होती. पुढे त्यांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आणि नवऱ्याला स्वयंपाकघरात यावे लागले. आता कणीक तोच मळतो. ते काम त्याला कोणी दिलेले नाही, त्याच्या हातची कणीक सैल होत नाही म्हणून ते त्याचे झाले. रामबागवासी, तुम्ही त्या स्थळाकडे एकदा स्वतः फोन करून बोलावे असे मला वाटते.

विजयनगरी | रविवार, दुपारी १२.४०

मी थोडे वेगळे मत मांडतो. माझे वय २९. आईवडील लोकमान्य नगरात राहतात आणि मी गेली दोन वर्षे विजय नगरात भाड्याने राहतो. “त्याच गावात आईवडील असताना वेगळा?” हे मला ऐकावे लागते, म्हणजे बोल लावायचाच म्हटले तर तो दोन्हीकडून लावता येतो.

मी भांडून निघालो नाही. वडील शिक्षक होते आणि मी किती वाजता आलो, काय खाल्ले, कोणाशी बोललो, यावर त्यांचे लक्ष असे. त्यात प्रेमच होते. मात्र २७ व्या वर्षीही मी दार हळू लावत असे आणि त्या हळू दार लावण्याचाच त्यांना संशय येई. वेगळा राहिल्यावर आमचे बोलणे सुरू झाले. दर रविवारी सकाळी पोहे-जिलेबी घेऊन मी घरी जातो. आजही आत्ता तिथूनच आलो. आज वडिलांनी मला त्यांच्या हिवाळ्यातल्या खोकल्याबद्दल विचारले, डॉक्टर बदलावा का असे. घरात राहत होतो तेव्हा त्यांनी माझा सल्ला कधी घेतला नव्हता. एकत्र राहणे चांगले असेलही, पण ज्यांनी बाहेर पडून नाते सावरले त्यांना कृतघ्न म्हणू नये.

गुलबक्षी | रविवार, दुपारी १.०५

विजयनगरी, तुमच्या दाराची गोष्ट खरी आहे. माझ्या खोलीला आतून कडी नव्हती. मी ३६ व्या वर्षी सुताराला बोलावून ती बसवून घेतली. आई दोन दिवस बोलली नाही, तिसऱ्या दिवशी तिने तिच्याही खोलीला बसवून घेतली.

कोर्टकचेरी | रविवार, दुपारी ३.३०

मी वकील आहे आणि ज्येष्ठ नागरिकांची प्रकरणे पाहतो. घरात सगळे गोड असते तेव्हाच या गोष्टी माहीत असाव्यात, म्हणून लिहितो.

आईवडिलांच्या स्वकष्टार्जित घरात राहण्याचा सज्ञान मुलाला कायदेशीर हक्क नसतो, मग तो विवाहित असो वा अविवाहित. तो त्यांच्या मर्जीनेच राहतो, हे दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ च्या नोव्हेंबरमध्ये स्पष्ट सांगितले. सुनेचा मामला निराळा आहे: घर सासूसासऱ्यांच्या नावावर असले तरी ते सामायिक निवासस्थान ठरू शकते आणि तिला तिथे राहण्याचा हक्क मागता येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये ठरवले. २००७ च्या आईवडील व ज्येष्ठ नागरिक कायद्याने न्यायाधिकरणाकडून महिना १०,००० रुपयांपर्यंत निर्वाहखर्च मागता येतो, आणि त्याच कायद्याच्या कलम २३ प्रमाणे, सांभाळण्याच्या अटीवर दिलेले बक्षीसपत्र ती अट न पाळल्यास रद्द होऊ शकते. आपल्याच मध्य प्रदेशातील एका आईचे असे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि २०२५ च्या जानेवारीत निकाल तिच्या बाजूने लागला.

माझ्याकडे येणाऱ्या आईवडिलांना मी एकच विनंती करतो, की मुलगा कितीही चांगला असला तरी हयातीत घर त्याच्या नावावर करण्याची घाई करू नये, मृत्युपत्र करावे. घर तुमच्या नावावर आहे तोवर मुलगा तुमच्याकडे राहतो आणि ते त्याच्या नावावर झाले की तुम्ही त्याच्याकडे राहता. हा फरक कागदावर छोटा दिसतो, पण तो रोजच्या बोलण्याच्या सुरात उतरलेला मी पाहिला आहे.

ताळेबंद | रविवार, दुपारी ४.१०

करसल्लागार म्हणून एक भर घालतो. घर आईवडिलांच्या नावावर असेल आणि आपण जुन्या करपद्धतीत असाल, तर त्यांना खरोखर भाडे देऊन घरभाडे भत्त्याची सूट घेता येते. भाडे बँकेतून जावे, पावती असावी, वर्षाचे भाडे एक लाखाच्या वर गेल्यास त्यांचा पॅन द्यावा लागतो, आणि त्यांनी ते उत्पन्नात दाखवावे. त्यावर त्यांना ३० टक्के वजावट मिळते. नव्या करपद्धतीत ही सूट नाही.

सुदामानगरकर | रविवार, दुपारी ४.३५

आईकडून भाड्याची पावती घ्यायची, हे माझ्या पिढीच्या गळ्याखाली उतरणे कठीण आहे.

ताळेबंद | रविवार, दुपारी ५.००

मलाही कठीण गेले होते, पण माझ्या आईला नाही. आयुष्यात पहिल्यांदा तिच्या सहीची किंमत कोणीतरी विचारत होते. ती पावतीपुस्तक देवघराच्या फळीवर ठेवते आणि महिना भरला की स्वतःच आठवण करते.

तोरीनोहून | रविवार, सायंकाळी ६.२०

मी मूळचा इंदूरचा, सध्या इटलीत असतो. हे लांच्छन फक्त आपल्याकडे आहे असे समजू नका. २००७ मध्ये इथल्या अर्थमंत्र्यांनी आईवडिलांकडे राहणाऱ्या तरुणांना “बांबोच्चोनी”, म्हणजे वाढलेली बाळे, असे म्हटले होते आणि त्यावर देशभर संताप उसळला, कारण घरभाडी आणि तात्पुरत्या नोकऱ्या यांचा हिशेब तरुणांना रोज करावा लागत होता. युरोपीय संघाच्या २०२२ च्या आकडेवारीत घर सोडण्याचे सरासरी वय २६.४ आहे, फिनलंडमध्ये ते २१.३ तर क्रोएशियात ३३.४. अमेरिकेत, जिथे अठरा वर्षांला बाहेर पडणे गृहीत धरतात, २०२० च्या जुलैमध्ये १८ ते २९ वयाच्या ५२ टक्के लोक आईवडिलांकडे राहत होते.

एकाच वयाचा, एकाच पगाराचा माणूस हेलसिंकीत मागे पडलेला ठरतो आणि झाग्रेबमध्ये चारचौघांसारखा. माझा शेजारी ३५ वर्षांचा आहे, आईकडे राहतो. मात्र शनिवारी जिना धुण्याची त्यांच्या घरची पाळी तो करतो, त्याची आई नाही. तुळशीवृंदावन काकूंचे वाचल्यावर ते आठवले.

रामबागवासी | मंगळवार, रात्री १०.५०

सर्वांचे आभार. दोन दिवस उत्तर दिले नाही, कारण काकूंच्या प्रश्नाचे उत्तर मला लिहायला जड जात होते. आमच्याकडे आई उठते. पाच वर्षे मी त्या घरात राहतो आणि नळ नेमका किती वाजता येतो हे मला माहीत नव्हते.

काल रात्री जेवणानंतर मी हा धागा आईवडिलांना वाचून दाखवला. आई पाटीच्या गोष्टीला रडली आणि कोशिंबिरीच्या गोष्टीला माझ्याकडे न पाहता म्हणाली, “खरं आहे.” मग तिने जे सांगितले ते मी कधी विचारलेच नव्हते. तिला गुरुवारी संध्याकाळी स्वयंपाक करायचा नाही, भजनी मंडळात जायचे आहे आणि परत येताना मैत्रिणींबरोबर छप्पन दुकान या खाऊगल्लीत थांबायचे आहे. मी असलो की तिला आवडते, परंतु मी कधी जेवणार हे सहाच्या आत कळले तर अधिक आवडेल. सिलिंडरची नोंदणी, विजेचे बिल आणि बाबांच्या रक्तदाबाच्या गोळ्या आजपासून माझ्याकडे आहेत. कोर्टकचेरी यांचे मृत्युपत्राबद्दलचे म्हणणेही मीच मोठ्याने वाचले. बाबांनी ते पुन्हा एकदा वाचायला लावले.

माळवामाती ताई, तुमच्या सल्ल्याप्रमाणे मी त्या स्थळाकडे फोन केला. मुलगी स्वतः बोलली. स्वयंपाक येतो का असे तिने विचारले तेव्हा वरणभात, पोहे आणि बटाट्याची भाजी एवढेच येते, हे मी खरे सांगितले. रविवारी भेटायचे ठरले आहे. पुढचे पुढे.

बाबा बराच वेळ गप्प होते. झोपायला जाताना दारात थांबून म्हणाले, “त्या दिवशी पंगतीत मला उत्तर सुचलं नाही रे. तू लाज आणलीस असं वाटून हात थांबला नव्हता. आपण काहीच बोललो नाही, याचं वाटलं.” पाच वर्षांत पहिल्यांदा मी त्यांच्या खोलीत जाऊन पलंगावर बसलो आणि आम्ही एकपर्यंत बोलत होतो.

उद्या आमच्याकडे पाण्याचा दिवस आहे. पावणेपाचचा गजर लावला आहे.

तुळशीवृंदावन | मंगळवार, रात्री ११.०५

पिण्याचे हंडे आधी भरून घ्या आणि मोटर नंतर लावा. पहिले दोन मिनिटे पाणी गढूळ येते, ते बादलीत काढून झाडांना घाला. आई उठून येईलच, तिला परत झोप म्हणू नका, नुसते बसू द्या.